खोलीत की कानात

पावसाळ्यात आमच्याकडे वीज फार जाते. ती परत आली की घरातल्या वस्तू आपापल्या क्रमाने जाग्या होतात. आधी फ्रिज घरघरतो, मग राउटरवरचे दिवे लुकलुकायला लागतात आणि त्यानंतर मिनिटभराने टीव्हीखालच्या कप्प्यात एक बारीक हिरवा दिवा स्थिर होतो. तिथे ऑफिसच्या भंगारातून आलेला एक छोटा, जुना कॉम्प्युटर आडवा ठेवला आहे. त्याला मॉनिटर नाही, कीबोर्ड नाही, माउस नाही. अशा मशीनला हेडलेस सर्व्हर म्हणतात. वीज आली की तुझं तू सुरू हो, एवढी सूचना त्याच्या बायॉसमध्ये करून ठेवली आहे, म्हणून बटण दाबायला कुणाला उठावं लागत नाही. त्याला काही सांगायचंच असेल तर लॅपटॉपवरून, काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करून. एरवी त्याच्याकडे कुणाचं लक्षही जात नाही. बाबांनी जन्मभर जमवलेलं गाणं त्याच्यात आहे.

बाबा शनिवारी रात्री जेवण लवकर आटोपून रेडिओपाशी बसत. आकाशवाणीवर संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम १९५२ साली सुरू झाला. आमच्या घरात तो ऐकायचा, आणि टेपरेकॉर्डर आल्यावर टिपून ठेवायचा, असा रिवाज होता. कॅसेट साठ मिनिटांची, म्हणजे एका बाजूला तीस. विलंबित ख्याल रंगात आलेला असताना खटका पडून टेप थांबायची, बाबा झटकन कॅसेट उलटायचे, आणि तेवढ्यात निघून गेलेली तान कायमची गेली. त्या त्या रागात ती जागा आली की माझे कान अजूनही आपोआप टवकारतात. कॅसेटी त्यांनी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत ठेवल्या होत्या आणि डब्यांवर चिकटपट्टी लावून लिहिलं होतं: सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र. गायकांच्या नावाने लावण्याचा विचार त्यांच्या मनात कधी आलेला दिसत नाही. आत्ता कोणती वेळ आहे, हाच त्यांचा पहिला प्रश्न असायचा. गातंय कोण, हे त्यानंतर.

अशा कॅसेटी कॉम्प्युटरवर घ्यायला कुठलाही जवळचा रस्ता नाही. टेपडेकच्या लाइन-आउटमधून वायर काढायची, ऑडॅसिटी या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये लाल बटण दाबायचं आणि तीस मिनिटांची बाजू तीस मिनिटं ऐकायची. पडद्यावर लाट उमटत जाते, आलापात बारीक, द्रुतात जाड. सीडीच्या दर्जाने, म्हणजे ४४.१ किलोहर्ट्‌झ आणि १६ बिटला, मिनिटाला साधारण १० एमबी जागा लागते. फ्लॅक या फाइलप्रकारात ठेवलं तर आवाजातलं काहीही न गमावता ती बरीच कमी होते, पण जुन्या कॅसेटींच्या बाबतीत वाटते तितकी नाही. ज्याचा अंदाज बांधता येतो ते फ्लॅक आटोपशीर लिहून ठेवतो. टेपच्या सरसरीला कसलाच क्रम नसतो, तिला तिची जागा द्यावीच लागते. ती पुसून टाकणारे फिल्टर मिळतात. मी ते वापरत नाही. सरसरीबरोबर तानपुऱ्याच्या वरच्या स्वरांची झळाळीही जाते, आणि ती गेलेली मला सोसत नाही.

फायली डिस्कवर बसल्या. आता त्या वाजवायच्या कशा? इथे मी बराच काळ रेंगाळलो. मोफत आणि खुल्या सॉफ्टवेअरला तोटा नाही. नेव्हिड्रोम आहे, जेलीफिन आहे, गॉनिक आहे, अँपाश आहे, मोपिडी आहे, लिरियन आहे, आणि या सगळ्यांत जुन्यांपैकी एक म्हणजे म्युझिक प्लेयर डीमन, ज्याला सगळे एमपीडी म्हणतात. वरवर पाहिलं तर सगळ्यांचं काम एकच. पण थोडं वापरलं की कळतं, प्रत्येक सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याच्या मनात गाणं ऐकणाऱ्या माणसाचं एक चित्र आहे. तो माणूस कुठे बसला आहे, एकटा आहे की चारचौघांत आहे, हे त्याने आधीच ठरवून टाकलेलं असतं.

एमपीडी २००३ साली आलं. त्याचा माणूस घरात बसलेला आहे. सॉफ्टवेअर सर्व्हरवर चालतं आणि आवाजही त्याच सर्व्हरच्या पाठीतून बाहेर पडतो. आमच्याकडे यूएसबीला लावलेल्या एका छोट्या डॅकमधून, म्हणजे डिजिटल फाइलीचा आवाज करणाऱ्या डबीतून, बाबांच्या जुन्या अँप्लिफायरमध्ये, आणि तिथून स्पीकरमध्ये. फोनवरचं अ‍ॅप हा नुसता रिमोट. फोनची बॅटरी संपली तरी गाणं चालू राहतं. फोन आला, उचलला, गच्चीवर जाऊन बोलत बसलं, तरी खाली भूप आपल्या चालीने पुढे जात असतो. घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये तो रिमोट असू शकतो, पण वाजतं एकच. एकाने लावलं की सगळ्यांनी ऐकलं.

नेव्हिड्रोमचा माणूस कुठेही असू शकतो. तो बसमध्ये आहे, स्वयंपाकघरात आहे, दुसऱ्या देशात आहे. सर्व्हर त्याच्याकडे गाणं पाठवतो आणि ते त्याच्या फोनमध्ये, बहुतेक वेळा त्याच्या कानातल्या हेडफोनमध्ये वाजतं. एकाच वेळी घरातले चौघे चार वेगवेगळी गाणी ऐकू शकतात आणि खोलीत चिटपाखराचाही आवाज नसतो. सॉफ्टवेअर म्हणून ते फार देखणं आहे. गो भाषेत लिहिलेली एकच फाइल, माहिती ठेवायला एसक्यूलाइट, मेमरी थोडीच लागते, रास्पबेरी पायवरसुद्धा सुखाने चालतं. बसवलं की ४५३३ या पोर्टवर ते हजर. नेट बारीक असेल तर एफएफएमपेग या सॉफ्टवेअरकडून फ्लॅकचं ओपस या हलक्या फाइलप्रकारात रूपांतर करून पाठवतं.

तेव्हा निवड करताना खरा प्रश्न मेमरीचा किंवा पोर्टचा नव्हताच. गाणं खोलीत वाजावं की कानात, हा तो प्रश्न.

मी ज्या घरात वाढलो तिथे गाणं खोलीत वाजायचं. आईला शास्त्रीय संगीताची मुळीच आवड नव्हती, असं ती स्वतः सांगते. पण कणीक मळताना ती अजूनही जे गुणगुणते त्यात मारव्याचा कोमल रिषभ नेमका लागतो. तो तिने मागून घेतलेला नाही, भिंतीवरून तिच्यापर्यंत आला. आम्हा भावंडांनाही भाषेआधी तबल्याचा ठेका कळला असेल. खोलीत वाजणाऱ्या गाण्याची सक्ती असते हे खरं. परीक्षेच्या दिवसांत मला त्या विलंबित एकतालाचा संताप यायचा. पण नावडतं, अर्धवट कळलेलं, अभ्यास करता करता कानावर पडलेलं असं जे काही असतं, त्यावर माणसाचा कान बनतो. हेडफोनमध्ये ते मिळत नाही. तिथे आपण मागितलेलंच येतं. म्हणून दिवाणखान्यासाठी मी एमपीडी ठेवलं, आणि त्याचा रिमोट मुलांच्या फोनमध्येही घालून दिला. त्यांनी त्यांचं काहीही लावावं. ते मलाही ऐकावं लागतं, आणि लागावंच.

एमपीडीचा दुसरा गुण मला नंतर उमगला. ते फोल्डर दाखवतं. बाबांचे चार डबे मी डिस्कवर चार फोल्डर म्हणून ठेवले होते. एमपीडीमध्ये ते तसेच, त्याच नावांनी समोर येतात. नेव्हिड्रोम फोल्डरकडे बघत नाही. ते प्रत्येक फाइलच्या आत लिहिलेला टॅग वाचतं, आणि त्यावरून कलाकार, अल्बम, गाणं अशी स्वतःची मांडणी करतं. माझ्याकडे अल्बम नव्हते. ‘कॅसेट १४ बाजू ब’ हा काही अल्बम नव्हे.

पण नेव्हिड्रोमही हवंच होतं. ताई टोरांटोला असते आणि बाबांच्या कॅसेटींवर तिचा माझ्याइतकाच हक्क आहे. आपल्याकडच्या पुष्कळ नेट जोडण्यांना स्वतःचा सार्वजनिक पत्ता नसतो, एका पत्त्यामागे अनेक घरं असतात, त्यामुळे बाहेरून थेट घरच्या सर्व्हरपर्यंत पोचता येत नाही. टेलस्केलने ते सोपं केलं. ताईचा फोन आणि टीव्हीखालचा डबा एका खाजगी जाळ्यात आले. आता आमच्याकडे सकाळ होते तेव्हा तिच्याकडे आदली रात्र सुरू झालेली असते. इथे हॉलमध्ये एमपीडी ‘सकाळ’मधला भैरव वाजवत असतं आणि त्याच डिस्कवरून नेव्हिड्रोम तिच्या कानात बागेश्री पाठवत असतं. दोन सॉफ्टवेअर, एकच फोल्डर. दोन्हींना वाचायची परवानगी दिली आहे, लिहायची नाही. रागाला वेळ असते हे आपण मानतो. ती वेळ गाणाऱ्याच्या घड्याळाची की ऐकणाऱ्याच्या, हा प्रश्न ध्वनिमुद्रणाने आणला आणि समुद्रापलीकडच्या माणसांनी रोजचा केला. ताईचं म्हणणं, जिथे सूर्य दिसतो तिथली वेळ खरी. मला ते पटतं.

ताई ज्या अ‍ॅपमधून ऐकते ते नेव्हिड्रोमवाल्यांनी केलेलं नाही. यामागे एक छान हकिकत आहे. सबसॉनिक नावाचं एक जुनं सर्व्हर सॉफ्टवेअर होतं. त्याच्याशी बोलण्याची एक पद्धत, म्हणजे गाणी दे, यादी दे, हे वाजव असं मागण्याचे नियम, त्याने जाहीर करून ठेवले होते. २०१६ मध्ये त्याच्या नव्या आवृत्तीचा कोड खुला ठेवणं थांबलं. लोकांनी आधीच्या कोडवरून दुसरी सॉफ्टवेअरं काढली, काहींनी पाटी कोरी करून नव्याने लिहिली. मूळ सॉफ्टवेअर मागे पडलं, बोलण्याची पद्धत मात्र सगळ्यांनी ठेवली. नेव्हिड्रोम, गॉनिक, अँपाश सगळे तीच बोली बोलतात. त्यामुळे डीसब असो की सिम्फोनियम, कुठलंही अ‍ॅप कुठल्याही सर्व्हरला लावता येतं. उद्या मी नेव्हिड्रोम काढून दुसरं काही बसवलं तरी ताईला फोनमध्ये फक्त पत्ता बदलावा लागेल. बंदिश जशी तिच्या पहिल्या गाणाऱ्यानंतर इतरांच्या गळ्यात राहते, तसं हे झालं आहे.

लिरियनचीही गोष्ट अशीच. स्लिम डिव्हायसेस नावाची एक छोटी कंपनी घरात संगीत पोचवणारे डबे करायची, पुढे स्क्वीझबॉक्स नावाने ते प्रसिद्ध झाले. २००६ मध्ये लॉजिटेकने ती कंपनी घेतली, २०१२ मध्ये ते डबे बनणं थांबलं. पण त्यांचं सर्व्हर सॉफ्टवेअर खुलं होतं, वापरणाऱ्यांनी ते सांभाळलं आणि आज ते लिरियन या नावाने नांदतं आहे. तीन खोल्यांत एकच गाणं, क्षणाचाही फरक न पडता वाजवायचं असेल तर अजूनही त्याच्याकडे वळावं. आमचं घर तेवढं मोठं नाही. जेलीफिनबद्दल एवढंच, की सिनेमे आणि मालिका हे त्याचं घर, गाण्याला तिथे पाहुण्याची खोली मिळते.

आता टॅग. यात मी जितका रमलो तितका सॉफ्टवेअरमध्ये रमलो नाही. एमपीथ्री फायलींना माहिती चिकटवायची आयडीथ्री ही रीत १९९६ मध्ये निघाली, तेव्हा फाइलच्या शेवटी १२८ बाइटची जागा होती. त्यात शीर्षकाला ३०, कलाकाराला ३०, अल्बमला ३०. देवनागरीचं एक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं, म्हणजे काना-मात्रा धरून दहा चिन्हांत सगळं उरकायचं. ‘भीमसेन जोशी’सुद्धा त्यात मावत नाही. संगीतप्रकारासाठी एक ठरावीक यादी होती, तिच्यात ब्लूज होतं, डिस्को होतं, ख्याल नव्हता. पुढे हे सगळं सैल झालं. फ्लॅकमध्ये तर आपल्याला हवा तो रकाना आपल्या नावाने काढता येतो. मी राग, ताल, तबला, हार्मोनियम, सारंगी असे रकाने काढले. ते सगळे अ‍ॅपमध्ये दिसत नाहीत, पण फाइलमध्ये आहेत. आणि संगीतप्रकाराचा जो रकाना प्रत्येक अ‍ॅप हमखास दाखवतं, त्यात मी बाबांच्या डब्यांवरचे शब्द भरले. नेव्हिड्रोमला संगीतप्रकार विचारला की ते आता सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र सांगतं.

नावांची मात्र वेगळीच कसरत. ‘पं. भीमसेन जोशी’, ‘पंडित भीमसेन जोशी’, ‘भीमसेन जोशी’ आणि रोमन लिपीतलं तेच नाव, हे सर्व्हरच्या लेखी चार गायक. शिवाय यादी अक्षरक्रमाने लागली की सगळे पंडित ‘प’मध्ये दाटीवाटीने बसतात आणि सगळे उस्ताद ‘उ’मध्ये. नेव्हिड्रोममध्ये यासाठी एक छोटी सोय आहे. क्रम लावताना नावाच्या सुरुवातीचे कोणते शब्द धरायचे नाहीत याची यादी त्यात असते. मुळात तिच्यात इंग्रजी ‘द’ आणि स्पॅनिश, फ्रेंच, पोर्तुगीज भाषांतले तसलेच शब्द आहेत. मी तिच्यात पंडित, उस्ताद, विदुषी, श्रीमती हे शब्द घातले. नाव दाखवताना उपाधी जिथल्या तिथे राहते, रांगेत उभं करताना बाजूला होते. गीतरामायणाच्या वेळी तर क्रमच सर्वस्व होता. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून आलेली ती छप्पन्न गीतं. फायलींना गीतक्रमांक नसेल तर ती अक्षरक्रमाने वाजतात आणि कथेचा क्रम पार विस्कटतो. क्रमांक भरला की रामकथा मार्गाला लागते.

पण क्रमांक आणि उपाधी या सोप्या गोष्टी. ज्या कॅसेटींवर काहीच लिहिलेलं नाही त्यांचं काय? निवेदिका सुरुवातीला सगळ्यांची नावं सांगायची, तबल्यावर कोण, हार्मोनियमवर कोण. बाबांना टेप वाचवायची असायची, म्हणून ते स्वर लागल्यावर बटण दाबत. नावं गेली, गाणं राहिलं. १९०२ साली कलकत्त्यात ग्रामोफोनसाठी फ्रेड गैसबर्गने गौहर जान यांचं गाणं मुद्रित केलं, तेव्हा तीन मिनिटांचं गाणं संपताना त्या स्वतःचं नाव इंग्रजीत सांगत. तबकड्या दूर जर्मनीत, हॅनोव्हरला तयार व्हायच्या. तिथल्या कारागिरांना ही कुणाची तबकडी ते कळावं, अशी ती सोय. गाणारीने स्वतःच्या आवाजात लावलेला तो टॅग शंभर वर्षांहून अधिक काळ तबकडीला चिकटून राहिला आहे. आमच्या कॅसेटींना तेवढं भाग्य नव्हतं. मोबाइलमध्ये गाणं ओळखणारी अ‍ॅपं यांच्यापुढे गप्प बसतात, कारण त्या रात्रीचं ते गाणं बाजारात कधी आलेलंच नाही.

अशी एक कॅसेट मी आत्याला ऐकवली. आत्या ऐंशीच्या पुढची, डोळ्यांनी अधू, कान मात्र शाबूत. हॉलमध्ये एमपीडीवर लावली, आणि ती काठी मांडीवर आडवी ठेवून बसली. नोम-तोमचा आलाप सुरू झाल्यावर तिने लगेच मान हलवली. “आग्र्याचं आहे हे,” म्हणाली. मग बराच वेळ काही बोलली नाही. बंदिश सुरू झाली, समेवर तिचा हात आपसूक पडला, आणि तिने गायकाचं नाव घेतलं. मी ‘नक्की ना आत्या?’ विचारलं, तर म्हणाली, “अरे, मी यांना समोर बसून ऐकलंय. सम गाठायच्या आधी ते असं थबकायचे.” तबला कुणाचा, तेही तिने सांगितलं. हार्मोनियमवाल्याचं नाव तिला आठवेना, त्याने ती दिवसभर अस्वस्थ होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला, आठवलं म्हणून.

ते तिन्ही शब्द आता त्या फाइलमध्ये आहेत. सॉफ्टवेअर बदललं तरी ते तिथेच राहतील, कारण ते फाइलच्या आत लिहिलेले आहेत. फ्लॅकचा आराखडा जाहीर आहे, २०२४ मध्ये तो इंटरनेटचं मानक म्हणून प्रसिद्धही झाला. नेव्हिड्रोममध्ये ताईने आवडीच्या गाण्यांना दिलेले तारे तेवढे त्याच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये असतात, म्हणून त्या डेटाबेसची प्रतही मी दर आठवड्याला दुसऱ्या डिस्कवर घेतो. तिने कुठल्या रात्री काय ऐकलं याला माझ्या लेखी किंमत आहे.

कुणी विचारलं तर मी आता बेधडक सांगतो. घरात स्पीकर असेल तर एमपीडी बसवा. घरचं माणूस लांब असेल तर त्याच्याजोडीला नेव्हिड्रोम. दोन्ही एका संध्याकाळी बसतात, एकमेकांच्या पायांत येत नाहीत, आणि उद्या नकोशी झाली तर डिस्कवरच्या एकाही फाइलला धक्का न लावता निघतात. पण त्याआधी, तुमच्या घरी नाव नसलेल्या कॅसेटी असतील आणि त्यातला आवाज ओळखणारं कुणी अजून असेल, तर आधी त्यांच्याकडे जा. चांगल्या स्पीकरवर ऐकवा, घाई करू नका, आणि ते सांगतील ते त्याच बैठकीत लिहून घ्या. गाणाऱ्याचं नाव बहुतेकांना आठवतं. तबलजी आणि हार्मोनियमवाला कोण, हे मुद्दाम विचारा.